मालक दौऱ्यावर, कुत्रा मुख्यालयी

दिनानाथराव टोकेकरांनी आयुष्यात दुसऱ्याची वस्तू न विचारता एकदाच उचलून आणली, आणि ती वस्तू म्हणजे एक कुत्रा होता. अर्ज करून आणता आला असता तर त्यांनी अर्जच केला असता. त्यांचे वडील होळकर दरबारात कारकून, ते स्वतःही कारकून, आणि होळकरांचं संस्थान जाऊन मध्यभारत आलं तेव्हा त्यांची खुर्ची तीच राहिली, कचेरीवरची पाटी तेवढी बदलली. अशा माणसाच्या हातून चोरी होणं कठीण. झालीच तर तो तिची पोच स्वतःच मालकाकडे पाठवतो. पुढचं सगळं रामायण त्या पोचेमुळेच घडलं.

मध्यभारताचं सरकार उन्हाळ्यात इंदूरला असे आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. एका घरात दोन सुना नांदवायच्या तर दोघींना चुलीसमोर बसायची पाळी लावून द्यावी लागते, तशी ही सोय होती. थंडीच्या तोंडाला फायली गोणपाटात शिवल्या जात, साहेबलोक रेल्वेत बसत, आणि इंदूरच्या कचेरीत उरत ते दिनानाथरावांसारखे हेडक्लार्क आणि उंदीर.

दिनानाथरावांचे साहेब नानासाहेब हर्डीकर हे ग्वाल्हेरचे. त्यांचं प्रत्येक वाक्य 'आमच्या ग्वाल्हेरला' या शब्दांनी सुरू होई. आमच्या ग्वाल्हेरला फायलीची गाठ अशी मारत नाहीत. आमच्या ग्वाल्हेरला चहात एवढी साखर घालत नाहीत. एकदा दिनानाथरावांनी मोठ्या प्रेमानं राजवाड्यावरचे पोहे मागवले, तर साहेब म्हणाले, "आमच्या ग्वाल्हेरला पोह्यांवर शेव टाकून पोहे नासवत नाहीत." राज्य गेलं ते दिनानाथरावांनी गिळलं होतं, ज्येष्ठतेच्या यादीत आपलं नाव खाली गेलं तेही गिळलं होतं. पण शेवेचा हा अपमान त्यांच्या घशात अडकून बसला तो बसलाच.

याच नानासाहेबांनी तुकोगंजातल्या भाड्याच्या बंगल्यावर एक कुत्रा बाळगला होता. नाव टायगर. भुंकला की त्याला छडी मिळे, कारण साहेबांची झोप मोडे. भुंकला नाही तरी छडी मिळे, कारण मग त्याला पोसायचं कशाला? या प्रकाराला साहेब शिस्त म्हणत.

त्या वर्षी दसरा झाला आणि सरकार ग्वाल्हेरला निघालं. जाताना साहेबांनी बंगल्याच्या किल्ल्या दिनानाथरावांच्या हाती ठेवल्या. "अधूनमधून नजर टाकत जा, टोकेकर. कुलपं बघा."

"आणि कुत्रा, साहेब?"

"माळी बघेल."

माळ्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. साहेब गेले म्हटल्यावर तोही आपल्या गावाला गेला.

दिनानाथराव पुढच्या रविवारी बंगल्यावर गेले. डोक्याला काळी टोपी, अंगात बंद गळ्याचा कोट आणि हातात चांदीच्या मुठीची काठी. ही काठी वडिलांना निवृत्तीच्या वेळी दरबारातून मिळाली होती. पायात काही दोष नसताना दिनानाथराव ती घेऊन हिंडत, कारण काठी हातात असली की टांगेवाले त्यांना 'सरकार' म्हणत. पुढची कुलपं बघून झाली आणि ते मागच्या अंगणात गेले.

तिथं लिंबाच्या खोडाला साखळीचे वेढे पडत पडत कुत्र्याला हलायलाही जागा उरली नव्हती. गळ्यातला पट्टा कातड्यात रुतला होता. पाण्याची परात कोरडी होती आणि फासळ्या कुणालाही मोजता आल्या असत्या. पाठीवर छडीचे जुने-नवे वळ होते. दिनानाथरावांना बघून तो भुंकला नाही, गुरगुरला नाही. त्यानं फक्त त्यांच्या हातातली काठी पाहिली, जमिनीला सपाट चिकटला आणि डोळे मिटून घेतले. मारायचंच असेल तर लवकर उरका, असा त्याचा चेहरा होता.

वडिलांची काठी, दरबारची काठी, ती त्यांनी भिंतीपलीकडे भिरकावून दिली. मग लगेच पलीकडे जाऊन ती शोधून आणली, कारण मूठ चांदीची होती. पण आणली ती कोटात लपवून.

पाणी पाजलं, साखळी सोडली. इथपर्यंत ठीक होतं. पण आता याला घेऊन तुकोगंजातून छत्रीबागेतल्या घरापर्यंत जायचं कसं? टांगा बोलावला. टांगेवाल्यानं घोड्यासाठी नुसता चाबूक उचलला तर कुत्रा चाकाखाली शिरून बसला आणि टांग्यालाच निघता येईना. शेवटी टांगेवाला हात जोडून म्हणाला, "सरकार, आप पैदल ही ले जाओ." मग दिनानाथराव पुढे आणि सुतळीला बांधलेला कुत्रा मागे, अशी वरात निघाली. ती बरोब्बर राजवाड्यासमोर येऊन थांबली, कारण कुत्रा खाली बसला आणि पुढे जाईना.

इंदुरात राजवाड्यासमोर काही थांबलं की त्याची सभा होते. "कां लई जई रिया हो बाबूजी इके?" याला कुठं नेताय, असं एकानं माळवीत विचारलं. दुसरा म्हणाला, "भिया, इसको पोहे खिलाओ, चलने लगेगा." तिसऱ्यानं कुत्र्याला सोडून दिनानाथरावांकडे बारकाईनं पाहिलं आणि विचारलं, "आप वो कचेरीवाले टोकेकरजी तो नहीं?" दिनानाथरावांनी मानेनंच नाही म्हटलं, कोट काढला, त्यात कुत्र्याला गुंडाळला आणि खांद्याशी धरून चालू लागले. चालता चालता कोटातून काठी निसटून रस्त्यावर खणकन पडली. तीही उचलावी लागली. कोट त्यानंतर कोट राहिला नाही.

कुमुदिनीबाईंनी दारात हे ध्यान पाहिलं. त्यांचा संसार सोवळ्यात होता. टोकेकरांचं कुलदैवत खंडोबा, आणि घरातला देवधर्म दिनानाथरावांच्या भरवशावर सोडला तर देव उपाशी राहील अशी त्यांची खात्री होती.

"हे काय उचलून आणलं?"

"साहेबांचा कुत्रा आहे. उपाशी होता."

"मग जेवू घाला आणि पोचवून या."

"तिथं पोचवलं तर मरेल गं."

कुमुदिनीबाईंनी कुत्र्याचा गळा पाहिला. मग म्हणाल्या, "एकदम साफ सांगते. जखम भरेपर्यंत ओसरीवर. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. आणि त्याला नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की राहतं ते."

त्यामुळे कुत्र्याला नाव पडलं नाही. टायगर म्हटलं की तो थरथर कापे, म्हणून तेही नाव गेलं. दिनानाथराव त्याला 'अहो' म्हणत, कुमुदिनीबाई 'तुमचं ते' म्हणत.

जनावरांच्या डॉक्टरांनी पट्टा कापून काढला, मलम दिलं आणि बजावलं, "लाइसन का बिल्ला डाल दो गले में. म्युनिसिपल की गाडी घूम रही है." तेव्हा दिनानाथराव नगरपालिकेत गेले आणि तिथं त्यांनी ती ऐतिहासिक चूक केली.

खिडकीमागच्या बाबूनं पान गालात सरकवून विचारलं, "कुत्ता किसका है?"

इथं 'माझा' म्हणायला काय हरकत होती? तुम्ही म्हणाला असता, कुणीही म्हणालं असतं. पण सरकारी कागदावर खोटी माहिती लिहिणं दिनानाथरावांना जन्मात जमलं नव्हतं. "नानासाहेब हर्डीकर," ते म्हणाले.

"साहब कहाँ हैं?"

"ग्वालियर. सरकार के साथ."

"तो लाइसन भी ग्वालियर में बनेगा."

"पण कुत्ता तो यहाँ है!"

"पर राजधानी तो अभी उधर है न, भिया. गर्मी में आना."

"गर्मी तक तुम्हारी गाडी इसको उठा ले जाएगी."

"वो तो है," बाबूनं मान्य केलं आणि तो खरंच विचारात पडला. मालक एका राजधानीत आणि कुत्रा दुसऱ्या, असा प्रसंग त्याच्या नोकरीत आला नव्हता. आता दिनानाथरावांमधला हेडक्लार्क जागा झाला. त्यांनी बाबूची लेखणी मागून घेतली आणि शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं : मालक दौऱ्यावर, कुत्रा मुख्यालयी.

बाबूनं ते दोनदा वाचलं. "वाह! क्या चीज लिखी है, टोकेकरजी!" त्यानं शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावून वाचून दाखवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पितळेचा बिल्ला हाती पडला. इथं उठून घरी यावं की नाही? पण कौतुकानं माणूस बिघडतो. दिनानाथराव दारातून मागे फिरले आणि म्हणाले, "मालक बाहर हैं, तो एक नकल उनको भेजनी पडेगी. नियम है." बाबू तो नियम विसरला होता. त्यानं आभार मानले आणि नक्कल ग्वाल्हेरला पाठवून दिली. आपल्या पायावर कुऱ्हाड सगळेच मारतात, पण धार लावून दिनानाथरावांनीच मारली.

इकडे कुत्रा खाईना. दूधपोळी ठेवली, भाकर ठेवली, भात कालवून ठेवला. तो वासानं व्याकूळ होई, लाळ गळे, पण थाळीकडे सरकत नसे. बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले येऊ लागले. समोरचे प्रतापराव होळकरांच्या फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यभर घोडे सांभाळले होते आणि घोडा व कुत्रा यांत त्यांच्या मते फक्त उंचीचा फरक होता. "जनावराला लाड नको, हुकूम पाहिजे," असं म्हणून ते ओसरीवर छाती काढून उभे राहिले आणि ओरडले, "खाऽऽऽ!" शेजारच्या घरात कुणीतरी दचकून खरोखर खायला लागलं म्हणतात. कुत्रा मात्र ओसरीलगतच्या न्हाणीघराजवळच्या बंबामागे शिरला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

शेजारच्या द्वारकाबाई मोहरी-मिरच्या घेऊन आल्या. "नजर आहे ही, मी आधीच बोलली होती. इतकं कमजोर झालं मतलब नजरच." त्यांनी ओवाळून मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. ओसरीवरचा प्रत्येक जण खोकू लागला आणि कुत्रा शिंकला. "उतरली!" द्वारकाबाई डोळे पुसत म्हणाल्या. पण खाल्लं नाही ते नाहीच.

उलगडा झाला तो कंटाळ्यातून. एका सकाळी दिनानाथराव थाळीपुढं बसून बसून कावले आणि पाठ फिरवून, भिंतीकडे तोंड करून वर्तमानपत्र वाचू लागले. मागून लपालपा आवाज आला. वळून पाहिलं तर आवाज बंद, कुत्रा बंबामागे. पुन्हा पाठ फिरवली. पुन्हा लपालपा. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. खाताना वर पाहिलं की छडी बसायची, म्हणून माणसाची नजर असेतो या प्राण्याला घास घेता येत नव्हता. दिनानाथरावांनी वर्तमानपत्रातली एकच ओळ बराच वेळ वाचली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांना ते कुणाला दाखवायचं नव्हतं, म्हणून भिंत बरी पडली.

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ दिनानाथराव भिंतीकडे तोंड करून बसू लागले. ओसरी रस्त्यावरून दिसे. द्वारकाबाईंनी कुमुदिनीबाईंना विहिरीवर गाठलं आणि हळूच विचारलं, "काय गं, भांडण झालं काय दोघांचं? दिनानाथजी भिंतीकडे तोंड करून बसून राहतात."

"कुत्रं जेवत असतं म्हणून," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

द्वारकाबाईंनी सहानुभूतीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवसापासून गल्लीत बोललं जाऊ लागलं की संस्थान गेल्याचा धक्का काहींना उशिरा बसतो.

त्यात दिनानाथरावांनी काठी माळ्यावर टाकली होती. टांगेवाले आता त्यांना 'सरकार' सोडून 'भिया' म्हणू लागले. प्रतापरावांनी तर तोंडावर विचारलं, "दरबारची काठी टाकली? एका कुत्र्यासाठी?" दिनानाथराव म्हणाले, "पायाला आता बरं आहे." तसं त्यांच्या पायाला पूर्वीही बरंच होतं.

पण कुत्रा सुधारत होता. जखम भरली, केस चमकू लागले. दिनानाथराव कचेरीतून आले की तो बंबामागून अर्धा बाहेर येई आणि शेपटीचं नुसतं टोक हलवी. थंडी पडली तेव्हा एका सकाळी त्याच्या अंगाखाली जुन्या गोधडीची चौघडी दिसली. दिनानाथरावांनी बायकोकडे पाहिलं. "फरशीला ओल धरते म्हणून टाकली," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "तुमच्या त्याच्यासाठी नाही."

जखम कधीच भरली होती हे त्यांच्या लक्षात होतं की नाही, कोण जाणे. दिनानाथरावांनी तो विषय काढला नाही.

मार्गशीर्ष आला आणि चंपाषष्ठी आली. टोकेकरांकडे चातुर्मासात बंद केलेलं वांगं त्या दिवशी उघडतं. कुमुदिनीबाई पहाटेपासून सोवळ्यात होत्या. भाजल्या वांग्याचा वास खान नदीपर्यंत गेला असावा, कारण बोलावलेली मंडळी बोलावल्या वेळेच्या आधीच येऊन बसली. तळी उचलायला पुरुष हवेत म्हणून प्रतापराव आपले भाऊ-पुतणे घेऊन आले, द्वारकाबाई आल्या. पण या घरची रीत अशी की खंडोबाला नैवेद्य दाखवला की भरीत-रोडग्याचं पहिलं पान कुत्र्याचं. कुत्रा देवाचा सोबती. तो जेवला की देव पावला, मग घरचे जेवणार.

दरवर्षी हे पान अंगणात ठेवलं की गल्लीतली कुत्री त्यावर तुटून पडत. या वर्षी पान तसंच. त्याच आठवड्यात नगरपालिकेची गाडी छत्रीबागेतून फिरली होती. प्रतापराव पुतण्यांना घेऊन नदीपर्यंत जाऊन आले. "बकऱ्या आहेत, गाढव आहे," त्यांनी बातमी दिली. "कुत्रं एक नाही. भूक लागलीय यार, दिनानाथ."

अख्ख्या गल्लीत बिल्ला असलेला कुत्रा एकच होता, आणि तो बंबामागे होता.

कुमुदिनीबाई माजघराच्या दारात उभ्या राहिल्या. "तुमच्या त्याला बोलवा," त्या म्हणाल्या.

"ते माणसांसमोर खात नाही गं."

"मग माणसांनी तोंडं फिरवावी. आणि आधी तळी उचला. येळकोट हळू म्हणा. घाबरेल ते."

येळकोट हळू म्हणायचा! खंडोबाच्या कानी पडावा म्हणून जो जयघोष घसा फोडून करायचा, तो त्या दिवशी छत्रीबागेत पहिल्यांदा कुजबुजत झाला. "येळकोट येळकोट, जय मल्हार," सगळे ओठातल्या ओठात म्हणाले. प्रतापरावांना हळू बोलायची सवय नसल्यानं त्यांचा चेहरा लाल झाला. मग पान बंबाजवळ सरकवलं आणि सगळी मंडळी ओळीनं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पोटात कावळे ओरडत होते आणि कुणी खोकतही नव्हतं. बंबामागून नखांचा आवाज आला. तो पानाकडे येत होता.

नेमक्या याच क्षणी रस्त्यावरून आवाज आला, "टोकेकर! काय चाललंय हे?"

दारात नानासाहेब हर्डीकर उभे होते. एका हातात छडी, दुसऱ्या हातात नवी साखळी. नगरपालिकेची नक्कल त्यांना ग्वाल्हेरला मिळाली होती, आणि तिच्यावर अर्जदार म्हणून टोकेकरांची सही होती. ते दौऱ्यावर इंदूरला आले, बंगला बघितला, आणि पत्ता विचारत इथं पोचले. समोर त्यांचा हेडक्लार्क आणि इतर पाच-सहा प्रतिष्ठित माणसं त्यांना पाठ करून भिंतीकडे बघत होती. आमच्या ग्वाल्हेरला असं करत नाहीत हे म्हणायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही.

तो आवाज ऐकला आणि कुत्रा पळाला. बंबामागे नाही, दिनानाथरावांकडेही नाही. तो ओसरी ओलांडून, उंबरा ओलांडून, माजघरात शिरला आणि सोवळ्यात उभ्या असलेल्या कुमुदिनीबाईंच्या निऱ्यांत तोंड खुपसून थरथरत राहिला.

"अगं बाई गं! सोवळं मोडलं!" द्वारकाबाई किंचाळल्या.

दिनानाथरावांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा कुमुदिनीबाई तिथंच उभ्या होत्या आणि त्यांचा हात कुत्र्याच्या डोक्यावर होता.

"मोडलं तर मोडलं," त्या म्हणाल्या. "खंडोबाच्या कुत्र्यानं मोडलंय. खंडोबा बघून घेईल."

"टोकेकर," नानासाहेब कडाडले, "माझा कुत्रा, माझ्या नावाचा परवाना, आणि तुमच्या घरात? तुकोगंजात चोऱ्या होतायत. मला तो आजच बंगल्यावर बांधायचाय."

दिनानाथराव वळले. साहेबांपुढं 'नाही' म्हणायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे तोंडातून कचेरीची भाषाच आली. "साहेब, सदरहू कुत्रा परत करता येत नाही."

"शिवपुरीला एक जागा रिकामी आहे, टोकेकर. माहीत आहे ना?"

दिनानाथरावांना आयुष्यात पहिल्यांदा काठीचा आधार हवा होता आणि काठी माळ्यावर होती. बदली म्हणजे इंदूर सुटलं, घर सुटलं, राजवाड्यावरचे पोहे सुटले. ते माजघराकडे वळून बघत म्हणाले, "शिवपुरीला कुत्रा नेता येतो, साहेब."

तेव्हा कुमुदिनीबाई उंबऱ्यापर्यंत आल्या, कुत्रा निऱ्यांना चिकटून.

"नानासाहेब, छडी बाहेर ठेवा. देवाचं ताट मांडलंय."

सोवळ्यातल्या बाईनं असं म्हटल्यावर मराठी माणूस, मग तो ग्वाल्हेरचा का असेना, काय करणार? नानासाहेबांनी छडी बाहेर टेकवली.

"आणि आता तोंड फिरवा. त्याला जेवू द्या."

"मी?"

"सगळे उपाशी आहेत, नानासाहेब. तुम्हीही उन्हातून आलात."

आणि नानासाहेब हर्डीकर, प्रतापरावांच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कुमुदिनीबाईंनी बंबाजवळचं पान उचलून आपल्या पायापाशी ठेवलं. मग त्या पानावरून लपालपा आवाज सुरू झाला आणि तो रोडगा संपेपर्यंत चालला.

"झालं," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "आता वळा. नानासाहेब, एक सांगते. चंपाषष्ठीला ज्या कुत्र्यानं घरचा नैवेद्य खाल्ला, ते त्या घरातून कुणाला देत नाहीत. आमच्या इंदुरात अशी जुनी रीत आहे. तुमच्या ग्वाल्हेरला नसेल तशी, तर खुशाल घेऊन जा."

दिनानाथराव बायकोकडे बघतच राहिले. नानासाहेबांचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला. कुत्रा सोडणं एकवेळ परवडलं असतं. इंदूरला आहे ती रीत ग्वाल्हेरला नाही, हे कबूल करणं परवडणारं नव्हतं.

"नसेल म्हणजे?" ते म्हणाले. "वहिनी, आमच्या ग्वाल्हेरला ही रीत तुमच्याहून जुनी आहे. आमच्याकडे तर असं कुत्रं देत नाहीतच, वर त्याला साखळीसुद्धा लावत नाहीत!" आणि त्यांनी हातातली साखळी ओसरीच्या कोपऱ्यात टाकून दिली.

"येळकोट येळकोट!" प्रतापराव आनंदानं ओरडले, पण कुमुदिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचा जय मल्हार त्यांनी कुजबुजत पुरा केला.

मग कुमुदिनीबाई पुन्हा न्हाल्या, दुसरं सोवळं नेसल्या, आणि पानं मांडली गेली. नानासाहेब पंगतीला बसले आणि भरीत दोनदा मागून घेतलं. तिसऱ्यांदा मागताना ते म्हणाले, "आमच्या ग्वाल्हेरला वांगी इतकी चांगली मिळत नाहीत." इतक्या वर्षांत हे वाक्य या दिशेनं कधी आलं नव्हतं. दिनानाथरावांच्या घशात अडकलेली ती शेव तेव्हा कुठं खाली उतरली. शिवपुरीचा विषयही पुन्हा निघाला नाही.

मंडळी गेली. उन्हं कलली. दिनानाथराव ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. कुमुदिनीबाई उरलेला रोडगा आणि भरीत घेऊन बाहेर आल्या आणि बंबाकडे बघून "ये रे" म्हणाल्या.

"ही रीत कुणाच्या घरची गं?" दिनानाथरावांनी विचारलं. "मी तर कधी ऐकली नाही."

"तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलेले. तुम्हाला काय ऐकू येणार?"

"म्हणजे आपली नाही?"

"आजपासून आपली," कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पान खाली ठेवलं.

कुत्रा बाहेर आला. दिनानाथराव सवयीप्रमाणे सुपारी-अडकित्ता उचलून भिंतीकडे वळू लागले, तेव्हा बाईंनी त्यांची बाही धरली.

"वळताय कशाला? बघा की. आता नाही पळत आपला वाघ्या."

दिनानाथरावांनी त्याला पहिल्यांदाच जेवताना पाहिलं. फार वाईट जेवत होता तो. पान ढकलत ढकलत ओसरीच्या टोकापर्यंत नेलं, भरीत मिशांना, नाकाला, बिल्ल्याला लावून घेतलं. मध्येच त्यानं मान वर करून दोघांकडे पाहिलं. क्षणभर थांबला. आणि पुन्हा पानात तोंड घातलं.